काचवाटी

पोरगा स्टीलचा जेवणाचा डबा घेऊन आला. दुपारचा दीड वाजलेला, त्यामुळे मी म्हटलं, बस, हात धू, मीही बसतोच आता. त्यानं मान हलवली, डबा टेबलावर ठेवला आणि झाकण काढलं. आत आजीच्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला जीपचा एसी पंप होता. पंपाला तारेच्या कडीनं धरलेली काचेची वाटी होती, आणि ती अख्खी होती.

"मामा, शिरोळहून एस्टीतनं मांडीवर घेऊन आलोय," तो म्हणाला.

तेवढ्यावरून मला तो पोरगा आवडला. असे पंप माझ्याकडे बहुतेक वेळा प्लॅस्टिकच्या पिशवीत, नटबोल्टांच्या ढिगात येतात, आणि काचेचे तुकडे पिशवीच्या तळाला असतात.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझा गाळा आहे. १९८४ साली मी इथं अण्णांच्या हाताखाली लागलो, तेव्हापासून हेच काम. आजूबाजूला फाउंड्र्या, लेथ, क्रँक घासणारे, बोअर करणारे. त्या सगळ्या धडधडीत माझं काम आवाज न करणारं. टाकीपासून इंजिनापर्यंत पेट्रोल ज्या वाटेनं जातं, त्या वाटेवरचे भाग मी धुतो, दुरुस्त करतो: टाकीचा कॉक, जाळी, एसी पंप, कार्ब्युरेटर. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि नव्या दुचाक्यांमधूनही कार्ब्युरेटर जवळजवळ गेला. आता माझ्याकडे येतात त्या जुन्या जीपा, पद्मिनी, येझदी, बुलेट आणि त्यांच्यावर जीव असलेली माणसं.

एसी पंप हा शब्द आम्ही मेस्त्री लोक इतक्या सवयीनं वापरतो की त्यातलं 'एसी' काय, हे मला विसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. मी समजत होतो विजेचं काहीतरी असेल. पण या पंपाला वीज लागतच नाही. इंजिनाच्या कॅमशाफ्टवरचा उंचवटा एक दांडी ढकलतो, दांडी आतला पडदा खाली ओढते, पेट्रोल आत येतं; स्प्रिंग पडदा वर नेते, पेट्रोल पुढं जातं. 'एसी' ही अक्षरं अल्बर्ट चॅम्पियन या माणसाच्या नावाची. तो फ्रान्सचा सायकलपटू. १८९९ साली त्यानं पॅरिस–रूबे ही शर्यत जिंकली, पुढं अमेरिकेत जाऊन स्पार्क प्लगचा धंदा उभारला. आमच्या गल्लीतला प्रत्येक मेस्त्री दिवसातून दहा वेळा त्याचं नाव घेतो. एकदा कळल्यापासून मला ते नाव नीट घ्यावंसं वाटतं.

जीप त्या पोराच्या आजोबांची. साठीच्या दशकातली. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ती घरामागच्या शेडमध्ये आठ-नऊ दिवस पाण्याखाली होती. पाणी ओसरल्यावर आधी घर, आधी जनावरं, आधी ऊस. जीपकडे कोण बघणार? ती तशीच राहिली.

मी पंप लगेच उघडला नाही. वाटी उजेडाकडे धरली. हे अण्णांनी मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. कचरा आधी बघायचा, मग काढायचा, कारण एकदा धुतला की तो परत विचारायला मिळत नाही. वाटीच्या तळाला काळी माती होती, वाळून तडकलेली, मे महिन्यातल्या रानासारखी. त्या मातीच्या वर तांबूस भुकटीचा पातळ थर. त्याहून वर काचेला चिकटलेला मधाच्या रंगाचा पापुद्रा. आणि कडेपासून बोटभर खाली, गोल फिरलेली एक पांढरी रेघ.

"पाणी ओसरल्यावर मध्ये कधी सेल मारला होतास?"

तो बघतच राहिला. "दिवाळीला दोनदा मारला होता, मामा. तुम्हाला कसं कळलं?"

कळण्यासारखंच होतं. माती पुराची. गंजाचा थर मातीच्या वर होता, म्हणजे तो नंतर आला. आणि पंप फिरल्याशिवाय तो टाकीतून वाटीत येऊ शकत नाही. गंज मातीच्या खाली असता, तर मी म्हटलं असतं की टाकी पुराच्या आधीच गेलेली आहे. आता निदान एवढी आशा होती की टाकीचा पत्रा जाड असेल आणि धुऊन वाचेल. मधासारखा पापुद्रा पेट्रोलचाच. पेट्रोल नुसतं उडून जात नाही. त्यातले काही घटक हवेतल्या प्राणवायूशी जुळून डिंकासारखे होतात आणि मागं राहतात. त्याला एक आंबूस वास येतो, वार्निशच्या डब्यासारखा. डोळे बांधून मला तो वास दिला तरी मी गाडी किती दिवस बंद आहे याचा अंदाज करीन.

या वाटीचं काम अगदी साधं. पेट्रोल अरुंद नळीतून एकदम रुंद जागेत आलं की त्याचा वेग कमी होतो. पेट्रोलची घनता साधारण ०.७४, पाण्याची १. त्यामुळे पाणी, वाळू, गंज, सगळं खाली बसतं आणि वरचं पेट्रोल पितळी जाळीतून पुढं जातं. यात हलणारा एकही भाग नाही. पण पत्र्याची वाटीही हेच काम करते, मग काच कशाला? कारण पेट्रोलच्या अख्ख्या वाटेवर माणसाला आत काय चाललंय ते दिसतं ती ही एकच जागा. बॉनेट उघडायचं, वाकायचं, बघायचं. पुढं काच फुटते, इंजिनाजवळ पेट्रोल सांडून आग लागू शकते, म्हणून ती गेली आणि बंद डब्याचे फिल्टर आले. ते कारण खरं आहे, मी ते नाकारत नाही. म्हणूनच काचवाटी दुरुस्त करणाऱ्यानं ती फुटणार नाही आणि गळणार नाही याची जबाबदारी घेऊनच हात लावावा.

उघडायला तीन दिवस लागले. वाटीखालचा पेचनट गंजून बसला होता. पेट्रोलच्या भागाला ज्योत दाखवायची नाही, हा नियम. तेलाचा थेंब सोडायचा, संध्याकाळी हलकं फिरवून बघायचं, नाही फिरला तर परत थेंब. तिसऱ्या दिवशी सकाळी तो नुसत्या बोटांनी फिरला. वाटी सुटली तरी कॉर्कचं पॅकिंग काचेला चिकटून होतं. तिथं स्क्रूड्रायव्हर घातला की कडेचा टवका उडालाच. मी आइस्क्रीमची लाकडी काडी घासून पातळ केलेली ठेवतो, तिनं हळूहळू पॅकिंग सोडवलं.

काच धुण्याची पद्धत मी आईकडून घेतली. आमच्या घरी कंदिलाच्या काचा ती रोज संध्याकाळी चुलीतल्या राखेनं पुसायची, मऊ फडक्यानं, फुंकर घालून. राख मऊ असते, काचेवर ओरखडा पडत नाही. पितळेला चालते म्हणून रांगोळी काचेला लावली तर काच आंधळी होते, कारण ती दगडाची भुकटी. डिंकाचा पापुद्रा मी थिनरमध्ये भिजवून काढला. मग कोमट पाण्यात धुण्याचा सोडा, त्यात मूठभर तांदळाचे दाणे, आणि वाटी हातात धरून गोल गोल हलवायची. दाणे कोपऱ्यात जातात तिथं बोट जात नाही. पाणी कोमटच हवं. सुरुवातीच्या वर्षांत डिसेंबरातल्या सकाळी मी गार वाटीवर चुलीवरचं पाणी ओतलं होतं. 'टच्' असा एक आवाज आला. एवढासाच. पण तो आवाज मी विसरलेलो नाही.

पांढरी रेघ लिंबू सत्वाच्या पाण्यात बरीच गेली. ती पाण्यातल्या क्षारांची होती. पण पूर्ण नाही गेली. उजेडात तिरकी धरली की अजून दिसते. तिथं काचच थोडी खाल्ली गेली आहे. ती घासून काढायची तर काच पातळ करावी लागेल. मी तिथं थांबलो.

थांबणं हा या कामाचा अर्धा भाग आहे, आणि गिऱ्हाइकाला समजावणं त्याहून अवघड. हल्ली बऱ्याच जणांना सगळं चकाकतं हवं असतं. पंप बफ मारून द्या, कार्ब्युरेटर आरशासारखा करा. बफचं चाक फिरलं की पृष्ठभाग चमकतो, पण कडा गोल होतात. आणि पंपात, कार्ब्युरेटरमध्ये खरा जीव कडांतच असतो. दोन भाग जिथं एकमेकांवर बसतात, त्याला आम्ही बैठक म्हणतो. वाटीच्या कडेची बैठक, नीडलची बैठक, झाकणाची बैठक. बैठक सपाट असेल तर काळपट पंपही थेंब सांडत नाही. बैठक बिघडली असेल तर चकाकणारा पंप उभ्या गाडीखाली डबकं करतो. मी सफाई म्हणतो ती बैठकीची. बाकी रंगरूप ज्याचं त्यानं बघावं.

या वाटीच्या कडेला नखाला लागेल असा एक बारीक खळगा होता. मी जाड सपाट काचेचा तुकडा घेतला, त्यावर व्हॉल्व्ह घासायची पेस्ट आणि पाणी, आणि वाटी पालथी ठेवून इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवली. जोर द्यायचा नाही, वाटीचं वजनच पुरे. पाणी सतत हवं, काचेची धूळ नाकात जाता कामा नये. दर पन्नास फेऱ्यांनी धुऊन बघायचं. आधी कडेचे उंच भाग धुरकट होतात, खळग्याची जागा चमकत राहते. हळूहळू ती चमक आक्रसते. सगळी कड एकसारखी धुरकट झाली की बैठक झाली. मग बारीक वॉटर पेपर. दीड तास गेला. त्या दीड तासात मला दुसरं काही सुचत नाही, आणि ते मला हवंच असतं.

धातूचं काम वेगळं. एकाच पंपात तीन-चार धातू असतात आणि एकाला चालतं ते दुसऱ्याला मारतं. जाळी पितळेची, तिला चिंच चालते, घरातल्या तांब्या-पितळेसारखी. पण चिंचेत रात्रभर ठेवली तर पितळ गुलाबी पडतं, म्हणजे त्यातलं जस्त निघून गेलं आणि तांबं उरलं. अशी जाळी दिसायला छान, बोटानं दाबली की मोडते. पंपाचं आणि कार्ब्युरेटरचं अंग बहुतेक वेळा जस्ताच्या ओतकामाचं. जस्ताला ॲसिडही खातं आणि कॉस्टिकही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. कामाला लागून दोन वर्षं झाली होती. एका पद्मिनीचा सोलेक्स कार्ब्युरेटर आला, पांढऱ्या बुरशीसारख्या थरानं भरलेला. अण्णा बाजारात गेले होते. मला वाटलं, आल्यावर त्यांना चकित करावं. संडास धुवायच्या ॲसिडमध्ये थोडं पाणी घालून मी वरचं झाकण त्यात सोडलं. बुडबुडे आले, थर सुटायला लागला, मला आनंद झाला. मी चहाला गेलो. चहाच्या टपरीवर कुणीतरी भेटलं, अर्धा तास गेला. परत आलो तेव्हा बुडबुडे चालूच होते आणि झाकणाच्या आतल्या बारीक वाटांच्या कडा साखरेसारख्या विरघळल्या होत्या. नीडलची बैठक जिथं आट्यांत बसते, ते आटेच राहिले नव्हते.

अण्णा आले, त्यांनी ते झाकण पाण्याखाली धरलं, पुसलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. "ह्येचा पत्ता तुला आता म्हाईत झाला," म्हणाले. "ह्ये तुझ्याजवळच ऱ्हाऊ दे." गिऱ्हाइकाला त्यांनी स्वतःच्या पैशानं दुसरं झाकण आणून दिलं आणि माझ्या पगारातून एक रुपया कापला नाही. ते झाकण अजून माझ्या फळीवर आहे. नवीन पोरगं कामाला आलं की मी पहिल्या दिवशी ते त्याच्या हातात देतो.

आता मी जस्ताला गरम पाणी, भांड्यांचा साबण, मऊ ब्रश आणि वेळ एवढंच देतो. पांढरे डाग राहिले तर राहिले. काही जुनी ओतकामं मात्र वाचत नाहीत. ओतताना जस्तात शिशाचा अंश राहिला असेल तर वर्षानुवर्षं ती आतून फुगतात, तडकतात. तशी निघाली की मी हात जोडतो.

पुढच्या खेपेला पोरगा कार्ब्युरेटर घेऊन आला. फ्लोट हलवला तर आत चुळचुळ आवाज. पितळी पत्र्याचा पोकळ फ्लोट. त्यात पेट्रोल शिरलं की तो बुडतो, नीडल बंद होत नाही आणि पेट्रोल वाहतं. भोक शोधायला तो गरम पाण्यात बुडवायचा. आतली हवा तापते आणि जिथं भोक आहे तिथून मोत्यांच्या सरीसारखे बुडबुडे निघतात. त्या जागी खूण केली, भोक सुईनं थोडं मोठं केलं, आतलं पेट्रोल काढलं आणि फ्लोट दोन दिवस उन्हात ठेवला. आत वाफ असताना तापवलेला फ्लोट फुटतो, यात घाई करणाऱ्यानं हे काम करू नये. डाग द्यायच्या आधी मी तो घेऊन गुजरीत गेलो. तिथं माझ्या ओळखीचे एक सोनार आहेत. त्यांच्या काट्यावर सोन्याबरोबर माझे फ्लोटही गेली वीस वर्षं तोलले जातात. डाग दिला, राळ पुसली, कानशीनं कथील उतरवलं, परत गुजरीत गेलो. फरक चार गुंजांच्या आत आला. डागाचं वजन जास्त झालं तर फ्लोट खोल बुडतो, पेट्रोलची पातळी वर चढते आणि गाडी काळा धूर टाकते. सोनारांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "ह्याचा दागिना कुणाच्या गळ्यात जाणार?" मी म्हटलं, "जीपच्या."

जेटबद्दल एकच सांगतो. सोलेक्सच्या जेटवर आकडा कोरलेला असतो. १२५ म्हणजे भोकाचा व्यास १.२५ मिलिमीटर. इतक्या बारीक हिशोबाच्या भोकात लोक टाचणी घालतात. मी विजेच्या वायरमधला तांब्याचा एक केस घेतो. तांबं पितळेहून मऊ, भोक मोठं होत नाही. आणि तोंडानं फुंकायचं नाही. आम्ही सगळे फुंकायचो, नळी तोंडात धरून टाकीतलं पेट्रोलही ओढायचो. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं नसलेलं पेट्रोल आलं. त्याआधीच्या पेट्रोलमध्ये शिसं होतं, आणि ते आमच्या तोंडात जात होतं. गल्लीतल्या एकाही पोराला कुणी हे सांगितलं नाही. ज्यांनी सांगायला हवं होतं त्यांच्यावर माझा आजही राग आहे. जुन्या कार्ब्युरेटरमधला थर अजून त्याच काळातला असतो, म्हणून माझ्याकडे हातमोजे आणि साबण दाराशीच आहेत.

आता राहिलं पॅकिंग. जुनं कॉर्क मी परत बसवत नाही, आणि याचं कारण आमच्या भागातल्या उसात आहे. जानेवारी २००३ मध्ये महाराष्ट्रासह नऊ राज्यांत पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल घालायला सुरुवात झाली. २०२२ मध्ये ते १० टक्के झालं, २०२५ मध्ये २०. शिरोळचा ऊस कारखान्यात जातो, त्याच्या मळीपासून, रसापासून इथेनॉल होतं, त्यावर शेतकऱ्याला चार पैसे मिळतात. मी त्याच्या विरोधात नाही. माझ्या घरी ऊसवाले आहेत. पण साठीच्या दशकातल्या पंपाला हे पेट्रोल माहीत नाही. इथेनॉल पाणी ओढून धरतं, जस्त आणि ॲल्युमिनियम गंजवतं, जुना रबरी पडदा बिघडवतं, कॉर्कवरची लाख विरघळवतं. म्हणून पडदा आणि पॅकिंग मी वायटॉन रबराचं घालतो. महाग पडतं, पण टिकतं.

पोराला समजावं म्हणून मी त्याच्यासमोर एक गोष्ट केली. मोजमापाच्या काचेच्या नळीत १०० मिलिलिटर पेट्रोल घेतलं, त्यात १० मिलिलिटर पाणी, तोंड बंद करून हलवलं आणि ठेवून दिलं. तळाला पाण्याचा थर बसला, पण तो १० वर थांबला नाही. तिशीच्या जवळ गेला.

"पाणी वाढलं कसं?"

"पाणी नाही वाढलं. पेट्रोलमधलं इथेनॉल खाली पाण्यात गेलं. पावसाळ्यात टाकी अर्धी ठेवून गाडी उभी केलीस, तर टाकीत हेच होणार. आणि पंप तळातनंच ओढतो."

तो बराच वेळ नळीकडे बघत होता. मग म्हणाला, "म्हणजे वाटीत दिसणार."

"दिसणार. म्हणूनच ती काचेची आहे."

जोडणीच्या दिवशी मी शिरोळला गेलो. टाकी त्यानं आणि त्याच्या चुलत्यानं आधीच उतरवून धुतली होती, पत्रा खरंच जाड निघाला. पंप बसवला, वाटी लावली, पेचनट दोन बोटांनी आवळला. तो पक्कड घेऊन आला, "मामा, जरा घट्ट करू का?" मी पक्कड घेतली आणि माझ्या पिशवीत टाकली. पंपाच्या हाताच्या दांडीनं पेट्रोल ओढलं. वाटीत ते एकदम येत नाही. आधी तळाला ओल दिसते, मग पातळी काचेवरून चढते, कडेला चार बुडबुडे थांबतात आणि फुटतात. ती पुराच्या रेघेच्या वर गेली तेव्हा आजी मागं येऊन उभी राहिली होती. काही बोलली नाही.

एका जागी कड ओलावली. सोडून पॅकिंग फिरवलं, परत आवळलं. खाली वर्तमानपत्राचा कागद अंथरला आणि आम्ही जेवायला गेलो. दोन तासांनी कागद कोरडा होता. मग सेल मारला.

दहा दिवसांनी सकाळी सातला फोन आला.

"मामा, वाटीत खाली पाणी दिसतंय."

"किती?"

"करंगळीच्या नखाएवढं. वरचं पेट्रोल स्वच्छ आहे."

"टाकीच्या झाकणाचं रबर बघ. काल पाऊस होता का तिकडं?"

"होता की. लई झाला."

"मग ते रबर काढून आण. आणि जातानाची एस्टी कितीची आहे ते बघून ये, दुपारच्या आत करून देतो."